फॉल्स सीलिंगच्या कामात पुढे काय? ग्रिड, जिप्सम की पीओपी, आणि दुबईचं काय करू

परभणीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

मी परभणी जिल्ह्यातला. बारावी झाल्यावर पुण्याला आलो, आता हिंजवडी-खराडीकडच्या ऑफिसांमध्ये एका ठेकेदाराच्या हाताखाली सीलिंगच्या कामावर हेल्पर आहे. जास्त करून ग्रिडचं काम, म्हणजे स्लॅबखाली पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्यात ठेवलेल्या २ बाय २ फुटाच्या टाइल, साइटवर सगळे त्याला आर्मस्ट्राँगच म्हणतात मग माल कुठल्या का कंपनीचा असेना. मधेमधे जिप्सम बोर्डचं (दोन कागदांमधे जिप्सम भरलेले तयार तक्ते) पार्टिशन पण असतं. माल वर चढवणं, वायर कापून देणं, अँगलला भोकं मारणं, संध्याकाळी झाडझूड हे सगळं माझ्याकडे. ड्रिल मशीन आता हातात चांगली बसलीय पण लेव्हल काढायची वेळ आली की कारागीर स्वतः करतात आणि मला खाली माल आणायला पाठवतात.

तर विचारायचं असं की या कामात पुढची दहा-पंधरा वर्षं निघतील का? घरचे म्हणतात परत ये आणि पोलीस भरतीची तयारी कर. आमच्या गँगमधले बहुतेक कारागीर यूपी-बिहारचे नाहीतर बंगालचे, कामाला एक नंबर माणसं, पण शिकवताना आधी आपल्या गाववाल्याला शिकवणार, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही मी म्हणत नाही. मग मी नीट शिकायचं कुणाकडे? पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) शिकू, जिप्सम शिकू का ग्रिडच पक्कं करू? आणि अजून एक, एक एजंट दुबईला जिप्सम कारपेंटर म्हणून पाठवतो म्हणतोय, सव्वा लाख मागतोय आणि पासपोर्ट आल्यावर त्याच्याकडेच ठेवायला सांगतोय. काय करू?

फ्रेमवाला_भोसरी

भावा, आधी शेवटच्या प्रश्नाचं. पासपोर्ट कुणाच्या हातात ठेवायला देऊ नको, विषय संपला. बाकी दुबईचं ज्यांनी केलंय ते सांगतील.

मी पुण्यात जिप्समची कामं घेतो, फ्लॅट, बंगले, एखादं क्लिनिक. तुला एकच गोष्ट सांगायचीय ती मन लावून वाच, बोर्ड लावणं म्हणजे सीलिंग नाही, फ्रेम म्हणजे सीलिंग. बोर्ड उचलून स्क्रू मारायला पंधरा दिवसात कुणीही शिकतं. पण चारी भिंतींवर लेव्हलची रेष मारणं, त्या रेषेवर पेरिमीटर चॅनेल, म्हणजे भिंतीलगतची पत्र्याची पट्टी, फिरवणं, स्लॅबला क्लीट (पत्र्याचा छोटा तुकडा) आणि फास्टनर (स्लॅबमधे रुतणारा बोल्ट) मारून अँगल सोडणं, त्याला इंटर चॅनेल, म्हणजे वरच्या आधाराच्या पट्ट्या, ४ फुटावर आणि त्याच्याखाली सीलिंग सेक्शन, ज्याला बोर्ड लागतो त्या पट्ट्या, १८ इंचावर, म्हणजे ४५७ मिमीवर, हे ज्याला डोळे मिटून जमतं तो कारागीर. स्क्रू ९ इंचाच्या आसपास, बोर्डाच्या कडेला जरा जवळ.

आता १८ इंचच का, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आपल्याकडे सीलिंगला जास्त चालतो तो बोर्ड ६ बाय ४ चा, १२.५ मिमी जाड. ६ फूट म्हणजे ७२ इंच, त्यात १८ चे बरोबर चार गाळे पडतात, म्हणजे बोर्डाचं टोक आपोआप सेक्शनच्या मधोमध येतं आणि दोन्ही बोर्डांना स्क्रू मारायला जागा मिळते. आता १२ बाय १० ची बेडरूम धर. पहिली ओळ दोन पूर्ण बोर्ड. दुसऱ्या ओळीला एक बोर्ड मधून कापून ३ फुटाचे दोन तुकडे, एक या टोकाला एक त्या टोकाला आणि मधे पूर्ण बोर्ड, म्हणजे जॉइंट एका रेषेत येत नाही, आणि ३ फूट म्हणजे ३६ इंच, तिथेही सेक्शन आहेच. राहिली २ फुटाची पट्टी, ती एक बोर्ड लांबीत चिरून निघते, चिरलेली कड भिंतीकडे ठेवायची कारण कंपनीची जी निमुळती कड असते तिच्यातच टेप आणि कंपाउंड (सांध्यात भरायची लुगदी) बसतं. झाले पाच बोर्ड, १२० स्क्वेअर फूट, वाया काही नाही. हा हिशोब कागदावर करायला शिक. ज्याला हा हिशोब येतो त्याला ठेकेदार सोडत नाही.

मी बघितलंय, साइटवर पैसे मारतात ते इथेच मारतात. सेक्शन १८ च्या जागी २४ वर टाकायचे, बोर्ड दोन एकाच रेषेत जोडायचे, पेपर टेप न लावता नुसतं कंपाउंड भरायचं, आणि सेक्शनचा पत्रा इतका पातळ की बोटाने दाबला तर वाकतो. रंग झाल्यावर पहिल्या दिवशी सगळं सारखंच दिसतं. एक पावसाळा गेला की रेषा दिसायला लागतात आणि मालक म्हणतो जिप्समच वाईट.

नाशिकचा_पीओपीवाला

फ्रेमवाल्या दादांचं फ्रेमचं सगळं पटलं पण पीओपी शिकू नको असं त्यांनी न सांगता सांगितलं, म्हणून लिहितोय.

आमचा परंपरेचा धंदा नाही, मामा एका राजस्थानी उस्तादाकडे शिकले आणि मी मामांकडे. पीओपी हा पण जिप्समच, भाजून त्यातलं पाणी काढलेला, पाणी घातलं की परत दगड होतो, आणि कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत हातातून गेला पाहिजे. म्हणून हे काम हाताचं. किती कालवायचं, कधी उचलायचं, काथ्या किती घालायचा, पट्टी कुठल्या कोनात ओढायची हे पुस्तकात नाही. भिंतीला गोलाई, कॉर्निस (भिंत आणि छताच्या सांध्यावरची नक्षीची पट्टी), जुन्या वाड्याच्या नाहीतर बंगल्याच्या दिवाणखान्यात मधोमध फूल, देवघराची कमान, हे बोर्डाने होत नाही. झालंच तर तयार आणून चिकटवतात आणि ते ओळखू येतं. आणि भिंतींची पनिंग, म्हणजे भिंत गुळगुळीत करायचा पातळ थर, तर पीओपीचीच करतात, ते काम कधी बंद पडत नाही.

वाईट बाजू पण सांगतो. घाण फार होते, सुकायला वेळ लागतो, पावसाळ्यात तर अंत बघतो, आणि कारागीर तयार व्हायला वर्षं जातात. ऑफिसवाल्यांना इतका वेळ नसतो म्हणून तिकडे बोर्ड आणि ग्रिड. तू ज्या भागात आहेस तिथे ग्रिड सोडून पीओपीच्या मागे लागणं मी पण सांगणार नाही, पण उद्या परभणीला परत जायचं मनात असेल तर पीओपी आणि जिप्सम दोन्ही हातात पाहिजे, तालुक्याला कुणी नुसतं ग्रिड लावून जगत नाही.

ग्रिड_सुपरवायझर_खराडी

पोरा, तू ज्या कामात आहेस त्यातलंच पक्कं कर की आधी. ग्रिडला लोक सोपं समजतात, टाइल ठेवायची आणि पुढे जायचं. आधी नकाशा वाचायला शिक. सीलिंगचा नकाशा वेगळा असतो, त्यात लाइट, एसीची जाळी, स्प्रिंकलर, स्मोक डिटेक्टर कुठल्या टाइलमध्ये येणार ते दाखवलेलं असतं. कारागीर जेवायला गेले की तो नकाशा घेऊन बस, फोटो काढून घे, रात्री बघ.

एक उदाहरण देतो. हॉलची रुंदी ६.९ मीटर आहे, ग्रिड ६०० मिमीचं. एका भिंतीपासून सुरू केलं तर ११ टाइल पूर्ण बसतात आणि शेवटी ३०० चा तुकडा, एका बाजूला पूर्ण आणि एका बाजूला अर्धी, दिसायला घाण. मधोमध घेऊन ११ टाइल धरल्या तर दोन्हीकडे १५० च्या चिंचोळ्या पट्ट्या, तेही घाण आणि तुटतात पण. मग १० पूर्ण टाइल धरायच्या, राहिले ९००, दोन्हीकडे ४५० चे तुकडे. हॉल एकदम बांधीव दिसतो. हे गणित सातवीतलं आहे पण साइटवर ज्याला हे येतं तो मुकादम होतो, बाकीचे वर्षानुवर्षं वायर ओढत राहतात.

मेन टी, म्हणजे जाळीची लांब मुख्य पट्टी, १२०० वर, तिला वरून वायर, मग १२०० चा क्रॉस टी, म्हणजे तिला जोडणारी आडवी पट्टी, मग ६०० चा. मेन टी सरळ आहे का हे दोरी बांधून बघ, लेझर आहे म्हणून दोरी सोडू नको, लेझरची लेव्हल बरोबर असते पण ओळ वाकडी गेलेली दोरीच दाखवते. आणि लाइटची वजनदार फिटिंग कधी ग्रिडवर सोडायची नाही, तिला स्लॅबपासून स्वतंत्र वायर. इलेक्ट्रिशियन नाही म्हणाला तरी तू वायर सोडून ठेव, कारण उद्या वजनाने ग्रिड खाली झुकलं तर तो येणार नाही, नाव आपलंच.

टाइल सगळ्यात शेवटी. काचा लागल्या नाहीत, एसी सुरू नाही, बाहेर धो धो पाऊस आणि वर साहेब म्हणतात उद्या हँडओव्हर, टाइल टाका. मिनरल फायबरची टाइल दमट हवेत पोट सोडते, म्हणजे मधे खाली झुकते, मग परत कुणी पैसे द्यायचे यावर महिनाभर भांडण. अशा वेळी ठेकेदाराकडून लेखी मागवायचं की तुमच्या सांगण्यावरून टाकतोय.

ठाण्याची_इंटिरियरवाली

मी इंटिरियर डिझायनर आहे, घरांची कामं करते, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या मुलांनी या कामात यावं, म्हणून ज्या गोष्टीवर कुणी बोललं नाही ती सांगते. माप आणि पैसे.

काम चांगलं करणारी मुलं मी पैशात बुडताना बघितली आहेत. कारण ती कामाला सुरुवात करतात "बघू नंतर" वर. फ्लॅट सीलिंग स्क्वेअर फुटात असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोव्हची (लपवलेल्या लाइटच्या खाचेची) उभी पट्टी कशात धरणार, रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीत, की स्क्वेअर फुटात? पडद्याचा खाच? प्रोफाइल लाइटची (सीलिंगमधे बसणाऱ्या पट्टीसारख्या लाइटची) चीर? लाइटची कापलेली भोकं कुणी कापायची, तुम्ही की इलेक्ट्रिशियनने? एसीच्या माणसाने पाइप टाकताना सीलिंग फोडलं तर दुरुस्ती कुणाची? पंख्याचा रॉड आणि हूक कुणी बघायचा? (आणि पंखा स्लॅबच्या हुकालाच, जिप्समला पंखा लटकवायची मागणी कुणीही केली तरी नाही म्हणायचं.) हे सगळं काम सुरू होण्याआधी एका कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याचं "हो" घ्या. माप घेताना मालकाला किंवा माझ्यासारखीला सोबत उभं करा आणि फ्रेम झाली, बोर्ड लागायच्या आधी, आतला फोटो काढून पाठवा. तो फोटो म्हणजे तुमचं खरं सर्टिफिकेट. मी नवीन कारागीर निवडताना आतले फोटो मागते, रंग मारलेले फोटो मला काही सांगत नाहीत.

बाथरूमला साधा बोर्ड लावायचा नाही, ओलावा सहन करणारा हिरव्या कागदाचा बोर्ड येतो नाहीतर कॅल्शियम सिलिकेट. आणि सीलिंगच्या वर प्लंबिंगचा सांधा असेल तर तिथे उघडता येणारी ट्रॅप डोअर ठेवाच. मालक म्हणतो दिसायला वाईट दिसतं, त्याला शांतपणे समजवा, वरच्यांचं बाथरूम गळायला लागलं की सगळं सीलिंग फोडावं लागतं.

परभणीचा_पोरगा

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. सुपरवायझर साहेब तुमचं ४५० चं गणित मी आजच साइटवर करून बघितलं, आमच्या मीटिंग रूमला बरोबर तसंच केलेलं आहे, मला आतापर्यंत वाटायचं ते आपोआप येतं.

अजून एक विचारायचं राहिलं. धूळ. पार्टिशनचे जॉइंट घासताना पूर्ण पांढरे होतो, आणि सिमेंट बोर्ड ग्राइंडरने कापताना तर समोरचा दिसत नाही. आमच्यातला एक वयाने मोठा माणूस सारखा खोकतो. मान पण दुखते दिवसभर वर बघून. हे सगळ्यांना होतंच का?

फ्रेमवाला_भोसरी

मान सगळ्यांची दुखते. घोडीची उंची नीट ठेव, डोकं आणि सीलिंगमधे वीतभर-हातभर अंतर राहील अशी, हात पूर्ण ताणून काम करायला लागलं तर खांदा जातो. ६ बाय ४ चा बोर्ड वीस किलोच्या आसपास भरतो, एकट्याने डोक्यावर घेऊन मर्दानगी दाखवू नको, दोघं जण नाहीतर टेकू.

धुळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. जिप्समची धूळ त्रास देते पण खरी भीती सिमेंट बोर्ड, कॅल्शियम सिलिकेट आणि स्लॅबला ड्रिल मारतानाची, त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि झाल्यावर ते बरं होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, एन ९५ मास्क घे, स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला तरी घे. कापायचं काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. बोर्डला ग्राइंडर लावायची गरज नाही, जिप्सम तर कटरने चीर मारून मोडतो. आणि ग्लासवूल (आवाज-उष्णता अडवायला भरतात तो काचेच्या तंतूंचा कापूस) भरताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे.

त्या मोठ्या माणसाला सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढायला सांग, आणि डॉक्टरला काम काय करतो ते आवर्जून सांगायला सांग, नाहीतर नुसतं खोकल्याचं औषध देऊन पाठवतात.

ग्रिड_सुपरवायझर_खराडी

याला जोडून. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केलीस का? पूर्ण नाव महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. लोकांना वाटतं ते फक्त गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांसाठी आहे. त्यांच्या कामांच्या यादीत "आभासी छत" आणि प्लास्टर ऑफ पॅरिस असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आभासी छत म्हणजे आपलंच फॉल्स सीलिंग. वय १८ ते ६०, मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराकडून घे. त्याने टाळाटाळ केली तर महापालिकेकडून किंवा गावी ग्रामसेवकाकडून मिळायची सोय आहे. कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, मुलांच्या शिक्षणाला मदत वगैरे. दरवर्षी नूतनीकरण करायचं विसरू नको, इथेच बहुतेकांचं सगळं बंद पडतं. अर्ज ऑनलाइन होतो, मधल्या माणसाला हजार-दोन हजार द्यायची काही गरज नाही.

खेडचा_गल्फवाला

उशीर झाला, ड्युटी होती. रत्नागिरीतल्या खेडचा आहे, आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात, मी पण दोन देशांत जिप्समवरच काम केलंय म्हणून सांगतो.

जिप्सम कारपेंटर ही पोस्ट खरी आहे, तिकडे असंच म्हणतात. पण सव्वा लाख हा आकडा खरा नाही. नोंदणी असलेला एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, हा भारत सरकारचा नियम आहे, आणि पावती द्यावी लागते. ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी, साइटवर त्याचा लायसन्स नंबर टाकून बघ, यादीत नाव नसेल तर उठून निघून ये. तू बारावी पास आहेस म्हणजे तुझ्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स (कामाला परदेशी जायची सरकारी परवानगी) लागणार नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळेच तुझे कागद तपासणारं मधे कुणी नसतं. टुरिस्ट व्हिजावर पाठवतो आणि तिकडे गेल्यावर बदलून देतो असं म्हणाला तर अजिबात जाऊ नको. कामाचा करार हातात पाहिजे, त्यात पगार, ओव्हरटाइम, राहणं, जेवण, येण्या-जाण्याचं तिकीट लिहिलेलं पाहिजे. प्रवासी भारतीय बीमा योजना पण आहे, ती मुख्यतः क्लिअरन्स लागणाऱ्यांसाठी असते म्हणून तुला मिळते का ते विचारून घे, दोन वर्षांचे २७५ रुपये आणि तीन वर्षांचे ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख.

दुसरं म्हणजे तू आत्ता गेलास तर हेल्पर म्हणूनच जाशील. ट्रेड टेस्टमध्ये, म्हणजे निवडीआधीच्या हातकामाच्या परीक्षेत, फ्रेम करायला लावतात, दरवाज्याच्या चौकटीभोवती स्टड (पार्टिशनच्या उभ्या पट्ट्या) कसे लावतोस, कोपरा कसा घेतोस, कडेचा सेक्शन भिंतीपासून किती ठेवतोस हे बघतात. तिथे हात थांबला की पगार अर्ध्यावर. एक-दीड वर्ष इथेच काढ, वर दादांनी सांगितलं ते फ्रेमचं पक्कं कर आणि मग चांगल्या पगारावर जा. आणि उन्हाळ्यात तिकडे एसी सुरू व्हायच्या आधीच्या इमारतीत सीलिंगजवळची उष्णता काय असते ते गेल्यावरच कळतं, शरीर तयार ठेव.

परभणीचा_पोरगा

गल्फवाले दादा, एजंटला लायसन्स नंबर विचारला. म्हणाला साहेबांना विचारून सांगतो, तेव्हापासून फोन उचलत नाही. तर तो विषय बंद.

पोलीस भरतीचं बाबांना सांगितलंय की पुढचं एक वर्ष मी हेच करणार. आता एवढंच सांगा, लेव्हल शिकायची कशी? कारागीर लेझरला हात लावू देत नाहीत.

फ्रेमवाला_भोसरी

लेझर लागतच नाही रे शिकायला. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी घे, पंधरा-वीस फूट, पाणी भर, आतले हवेचे बुडबुडे पूर्ण काढ. खोलीवर जिथे राहतोस तिथेच एका कोपऱ्यात जमिनीपासून मीटरभर उंचीला खूण कर आणि ती खूण नळीने बाकीच्या तीन कोपऱ्यांत घेऊन जा, मग दोऱ्याला रंग लावून सूत मार. परत पहिल्या खुणेला येऊन जुळते का बघ. जुळली नाही तर बुडबुडा राहिलाय किंवा नळी कुठेतरी दाबली गेलीय. आम्ही सगळे यावरच शिकलो आणि अजूनही लेझरवर शंका आली की नळीच काढतो.

आणि रविवारी सुट्टी असेल तर भोसरीला ये. एका फ्लॅटची फ्रेम सुरू होतेय, दोन बेडरूम आणि हॉल. हजेरी हेल्परचीच देईन पण पेरिमीटरची रेष तुझ्याकडून मारून घेईन. मेसेज टाक, पत्ता पाठवतो. मास्क घेऊन ये.

नाशिकचा_पीओपीवाला

नळीत थोडी नीळ टाक, पाण्याची पातळी स्पष्ट दिसते.